नाक मोजून काय कळतं?

१ जानेवारी १९४८. दिल्लीत कडाक्याची थंडी. पुराण्या किल्ल्याच्या तटाआड फाळणीनं उखडलेल्या माणसांची छावणी. तिथून फार लांब नसलेल्या हार्डिंज ॲव्हेन्यूवर, एक नंबरच्या बंगल्यात, देशाचे कायदामंत्री एका पुस्तकाच्या प्रस्तावनेखाली तारीख घालत होते. राज्यघटनेचा मसुदा अजून हातावेगळा व्हायचा होता. तरीही डॉ. आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ लिहून पुरं केलं होतं, आणि त्यातल्या एका प्रकरणासाठी चक्क नाकांच्या मापांची कोष्टकं तपासली होती.

माणसांच्या नाकांची मापं, आणि तीही जातवार!

ही कोष्टकं आली कुठून? हर्बर्ट रिस्ली नावाचा इंग्रज सनदी अधिकारी बंगालमध्ये नोकरीला होता. १८८० च्या दशकात त्यानं आपली माणसं कॅलिपर देऊन गावोगाव पाठवली. नाकाच्या रुंदीला उंचीनं भागायचं, शंभरानं गुणायचं, की झाला नासिका निर्देशांक. ७० च्या आत आला तर नाक चाफेकळी, ८५ च्या वर गेला तर बसकं. यावरून रिस्लीनं नियमच काढला: जात जितकी वरची, तितकं नाक बारीक. म्हणजे जात हा वंश, आणि त्याचा दाखला प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मध्यभागी लावलेला. हाच रिस्ली १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि सरकारी कागदावर जातींची उतरंड लावू लागला. वधूवरसूचनेत ‘नाकीडोळी नीटस’ असं लिहिणाऱ्यांना त्याचं नावही ठाऊक नसतं, पण ते वाचून त्याच्या आत्म्याला नक्कीच शांती मिळत असेल.

रिस्लीचे आकडे मुळापासून तपासणारा माणूस होता मालवणचा. गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला शिकून आले, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले आणि १९३२ साली त्यांनी जात आणि वंश या विषयावरचं पुस्तक छापलं. रिस्लीचा नियम गंगेच्या खोऱ्यातल्या एका पट्ट्यात कसाबसा उभा राहतो, त्याबाहेर नाही, असं त्यांना आढळलं. महाराष्ट्रात जातीची पायरी आणि नाकाची रुंदी यांची जोडी जुळेना. आंबेडकरांनी घुर्यांची कोष्टकं घेतली आणि वकिलासारखी उलटतपासणी केली. तुमचं मापनशास्त्र खरं मानलं, तर त्याच मापांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. विरोधी पक्षाचा साक्षीदार आपल्या बाजूनं बोलता करण्याचा यापेक्षा सुंदर नमुना मला तरी माहीत नाही.

(जाता जाता एक गंमत. हार्डिंज ॲव्हेन्यूचं नाव पुढे बदलून टिळक मार्ग झालं. आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं असं १९०३ साली मांडणारे तेच हे टिळक. रस्त्यांची नावं ठेवणाऱ्यांना वाद मिटवायची घाई नसते.)

घुर्यांची एक विद्यार्थिनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेली: इरावती कर्वे. तिथं तिचा मार्गदर्शक होता ऑयगेन फिशर, जर्मन वंशशास्त्राचं त्या काळातलं बडं प्रस्थ. पुढं नाझींनी त्याच्या विद्येचा काय उपयोग केला ते जगाला माहीत आहे. युरोपीय माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, कारण त्याच्या मेंदूचा पुढचा भाग अधिक विकसित झालेला असतो, अशी फिशरची कल्पना होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. कवट्या वाकड्या होत्या, पण सगळ्याच. कोणत्या वंशाची कवटी हे त्या वाकडेपणावरून ओळखता येईना. विशी ओलांडलेली परदेशी मुलगी, परकी भाषा, समोर असा गुरू, आणि तिनं प्रबंधात जे मोजलं तेच लिहिलं. पुण्यात परतल्यावर त्यांनी डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राचं काम उभं केलं. त्यांच्या ललित लेखनावर आपण एवढं प्रेम केलं की या १४९ कवट्या आपल्या लक्षातच राहिल्या नाहीत.

मग नाकात खरंच काहीच लिहिलेलं नसतं का? लिहिलेलं असतं, पण रिस्लीनं वाचलं ते नव्हे. २०१७ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या अर्सलान झैदी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या प्रदेशांत मूळ असलेल्या लोकांच्या नाकांची त्रिमितीय मापं घेतली आणि पूर्वजांच्या हवामानाशी ताडून पाहिली. नाकपुड्यांची रुंदी आणि हवेतली ऊब व दमटपणा यांचं नातं दिसलं. कोरड्या थंड हवेत नाक अरुंद असलेलं बरं, कारण श्वास फुफ्फुसात पोचेपर्यंत गरम आणि ओला व्हावा लागतो. ज्याला रिस्ली सामाजिक प्रतिष्ठा समजला, ती कुणाच्या तरी खापर-खापर पणजोबांच्या गावची हवा होती!

रंगाची कथा याहून चक्रावून टाकणारी. काळ्या पट्ट्यांच्या झेब्रा माशात एक फिकट सोनेरी जात सापडते. ती फिकट का, याचा शोध घेताना कीथ चेंग यांच्या गटाला २००५ साली एक जनुक मिळालं, एसएलसी२४ए५. तेच जनुक माणसातही निघालं. त्यातलं एक अक्षर बदललं की त्वचा उजळते. युरोपात जवळपास प्रत्येकाकडे हे बदललेलं अक्षर आहे, आणि उत्तर भारतातही मुबलक आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या एस्टोनियातल्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं, की युरोपियनांचं आणि भारतीयांचं हे अक्षर एकाच पूर्वजाकडून आलेलं आहे. पोलंडमधला गोरा शेतकरी आणि दिल्लीच्या पटेलनगरातला गोरा पंजाबी दुकानदार यांचा गोरेपणा या बाबतीत तरी एकाच घरचा.

मिझोरामची मुलगी त्या दुकानदाराहून उजळ असू शकते. तिचा गोरेपणा मात्र वेगळ्या वाटेनं आलेला असण्याची शक्यता मोठी, कारण पूर्व आशियात त्वचा उजळली ती दुसऱ्याच जनुकांतल्या बदलांनी. दिसायला सारखं आणि मुळात वेगळं. उलटही घडतं: २०१७ साली सारा टिशकॉफ यांच्या गटानं आफ्रिकेत केलेल्या अभ्यासात दिसलं, की त्वचा उजळ करणारे काही बदल आफ्रिकेतच झालेले आणि आपल्या मानवजातीहूनही जुने आहेत. तीच गोष्ट केसांची. जाड, सरळ केस देणारा ईडार नावाच्या जनुकातला बदल सुमारे तीस-पस्तीस हजार वर्षांपूर्वी बहुधा मध्य चीनमध्ये झाला असावा. त्यानं घामाच्या ग्रंथीही वाढतात आणि पुढच्या दातांची मागची बाजूही बदलते. निसर्गाला नेमकं यातलं काय हवं होतं, यावर अजून वाद चालू आहे. घाम असेल, तर केस नुसते सोबत आले म्हणायचे.

या सगळ्या खुणा वरवरच्या, म्हणून नजरेत भरणाऱ्या. आत पाहिलं तर? रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली रक्तगट आणि प्रथिनांच्या १७ जनुकांचा हिशेब मांडला. माणसामाणसांतल्या एकूण फरकापैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहातल्या माणसांमध्ये असतो. ज्यांना आपण वंश म्हणतो, त्यांच्यामधला वाटा ६ टक्क्यांच्या आसपास. पुढं यावर एक रास्त आक्षेप घेतला गेला: हजारो जनुकं एकदम पाहिली तर माणसाचे पूर्वज साधारण कुठले हे बऱ्यापैकी सांगता येतं. बरोबर आहे. पण नकाशावर जागा सांगता येणं वेगळं आणि नकाशावर रेघा असणं वेगळं. दिल्लीहून पायी निघून पाटणा, सिलिगुडी, गुवाहाटी, कोहिमा असं गेलात तर चेहरे बदलत जातील, पण ‘इथून दुसरा वंश’ अशी पाटी लावायला जागा सापडणार नाही.

२०१३ चा आणखी एक निष्कर्ष बाबासाहेबांनी वाचायला हवा होता असं मला नेहमी वाटतं. हार्वर्ड आणि सीसीएमबी यांनी मिळून केलेल्या या अभ्यासात प्रिया मुरजानी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या डझनावारी समूहांच्या डीएनएतून मिसळणीच्या तारखा काढल्या. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथं जवळजवळ सगळे सगळ्यांत मिसळले. आज स्वतःला शुद्ध म्हणवणारेही आणि जंगलात एकटे राहिलो म्हणणारेही. मग ही मिसळण थांबत गेली, लग्नं आपापल्यातच होऊ लागली. १९१६ साली, पंचविशीतल्या आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात जातीच्या गाभ्यावर बोट ठेवलं होतं ते याच गोष्टीवर: आपल्यातच लग्न. जातीला वंशाची गरज नाही, दार लावून घ्यायची गरज आहे. शंभर वर्षांनी डीएनएनं दार लागल्याचा सुमारही सांगितला.

आता दिल्लीच्या रस्त्यावर या. शरीरात वंशाच्या रेघा नाहीत हे सिद्ध झालं, म्हणून रस्त्यावरच्या माणसाला काही फरक पडतो का?

२९ जानेवारी २०१४ ला लाजपतनगरच्या बाजारात अरुणाचलहून आलेला निडो तानिया हा विद्यार्थी पत्ता विचारायला थांबला. दुकानातल्या लोकांनी त्याच्या रंगवलेल्या केसांवरून टिंगल केली. त्यानं चिडून काच फोडली. त्याला मारहाण झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. अरुणाचलात पंचवीसहून अधिक जमाती, प्रत्येकीची भाषा निराळी, म्हणून बाजारात आणि शाळेत तिथली माणसं एकमेकांशी हिंदी बोलतात. राजधानी ज्यांना ‘कुठून आलात, चीनमधून का?’ असं विचारते, त्यांची बाजाराची बोली तिचीच.

यानंतर जंतरमंतरवर निषेधाला जे जमले ते पाहण्यासारखे होते. नागा, मिझो, खासी, मैतेई, न्यिशी. आपापल्या डोंगरांत यांची एकमेकांशी भांडणं आहेत, काहींची तर रक्तरंजित. ‘आम्ही नॉर्थईस्टचे’ ही एकत्र ओळख गावाकडे कुणी फारशी मिरवत नाही. ती बरीचशी दिल्लीत घडली, मुनिरका आणि विजयनगरच्या भाड्याच्या खोल्यांत, जिथं घरमालकाला सगळे सारखेच दिसत. टिंगल सगळ्यांना एका गठ्ठ्यात बांधते आणि मग तो गठ्ठाच एकमेकांच्या मदतीला धावतो. दिल्लीनं मद्रासी बनवले तेही असेच. करोलबागेतल्या जुन्या मराठी मंडळींनाही कुणी कुणी त्यात ढकलत असे. आणि मुंबईनं बनवलेला ‘भय्या’ आपण विसरू नये.

तीन वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये, ग्रेटर नोएडात एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला आणि अफवा उठली की शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्लं. एकविसाव्या शतकात, मॉल आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वस्तीत! जमावानं मॉलमध्ये शिरून खुर्च्या आणि कचऱ्याच्या डब्यांनी आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारलं. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी हा वंशद्वेष आहे असं म्हटलं, सरकारला ते मान्य नव्हतं. एका माजी खासदारानं परदेशी वाहिनीवर खुलासा केला, की आम्ही वंशद्वेष्टे असतो तर दक्षिण भारतीयांबरोबर राहिलो असतो का? नंतर त्यांनी माफी मागितली. पण त्या वाक्यातला ‘आम्ही’ कोण, हे त्यांनी नकळत सांगून टाकलं होतं.

हे सगळं गोऱ्या साहेबानं शिकवलं असं म्हणायची सोय नाही. हबशी गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरनं अहमदनगरची निजामशाही सावरली, मोगलांच्या नाकी नऊ आणले. बादशहा जहांगीर त्याला हरवू शकला नाही, तेव्हा त्यानं त्याच्या रंगावरून आत्मचरित्रात शिव्या घातल्या आणि भाल्यावर टांगलेल्या त्याच्या मुंडक्यावर आपण बाण सोडतो आहोत असं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. मलिक अंबर मात्र आपल्या बिछान्यावर, वयाच्या ऐंशीच्या घरात मेला.

‘आम्हाला ते सगळे सारखेच दिसतात’ हे दिल्लीकर जे म्हणतो, त्यात तो खोटं बोलत नसतो. गंमत अशी की तो तसा जन्माला आलेला नसतो. इंग्लंडमधल्या शेफील्डला डेव्हिड केली आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांना वेगवेगळ्या वंशांचे चेहरे दाखवले. नुकतं जन्मलेलं मूल सगळ्यांकडे सारखंच बघतं. तीन महिन्यांत ते ओळखीच्या धाटणीच्या चेहऱ्याकडे अधिक वेळ बघू लागतं. नऊ महिन्यांचं होईपर्यंत इतर धाटणीचे चेहरे एकमेकांपासून वेगळे ओळखण्याची त्याची हातोटी उतरते. पण इस्राएलमध्ये गोऱ्या-काळ्या दोन्ही चेहऱ्यांत वाढणाऱ्या इथिओपियन बाळांमध्ये ही आवडनिवड दिसली नाही. आणि त्याहून अजब म्हणजे फ्रान्समध्ये दत्तक गेलेली कोरियन मुलं. तीन ते नऊ वर्षांची असताना गेली, आणि मोठेपणी फ्रेंचांचे चेहरे कोरियन चेहऱ्यांपेक्षा अधिक चांगले ओळखू लागली. स्वतः आरशात कोरियन! नजर रक्तातून येत नाही, शेजारातून येते.

म्हणून मला हुमायूंपूरचं कुतूहल आहे. सफदरजंग एन्क्लेव्हला खेटून असलेलं हे जुनं जाटांचं गाव. गल्ल्या इतक्या अरुंद की वर पाहिलं तर विजेच्या तारांतून आभाळ दिसतं. तळमजल्यावरच्या दुकानात पानात गुंडाळलेली अखुनी (आंबवलेलं सोयाबीन, वास असा की नवखा माणूस दोन पावलं मागं सरतो), बांबूचे कोंब, राजा मिरची, धुरावलेलं डुकराचं मांस. हुक्का ओढणारे म्हातारे बाहेर बाजेवर, आणि वर भाडेकरू नागा, मणिपुरी. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली होती, त्यात असले वासाचे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांना त्रास देऊ नका अशी सूचना होती. त्याच अखुनीवरून बेतलेला निकोलस खारकोंगोर यांचा ‘ॲक्सोन’ हा चित्रपट याच गल्ल्यांत घडतो. आज लोक मुद्दाम ते खायला गुडगावहून येतात. जाट घरमालकांचं मन पालटलं की भाडं, हा प्रश्न मी विचारणार नाही. पण त्यांची नातवंडं तान्हेपणापासून जिन्यात कोणते चेहरे बघत वाढली, याला वरच्या प्रयोगांच्या हिशेबात फार किंमत आहे.

मोठ्यांचं काय? त्यांची नजर तर पक्की झालेली. इथं २००१ सालचा कॅलिफोर्नियातला एक प्रयोग येतो. रॉबर्ट कुर्झबान, जॉन टूबी आणि लीडा कॉस्मिडीस यांनी लोकांना बास्केटबॉलच्या दोन भांडणाऱ्या संघांतल्या खेळाडूंची छायाचित्रं दाखवली, प्रत्येकासोबत त्यानं म्हटलेलं एक वाक्य. दोन्ही संघांत काळे आणि गोरे दोघेही. मग विचारलं, कोण काय म्हणालं? बघायच्या होत्या त्या चुका. काळ्या खेळाडूचं वाक्य दुसऱ्या काळ्याच्या नावावर खपवलं, तर डोक्यात वर्गवारी रंगाची आहे. तशी ती होतीच. मग खेळाडूंना करड्या आणि पिवळ्या जर्सी घातल्या, आणि चुकांची तऱ्हाच बदलली. आता लोक पिवळ्याचं वाक्य पिवळ्याच्या नावावर खपवू लागले, आणि रंगावरून होणारी गल्लत एकदम घसरली. चार मिनिटांपेक्षाही कमी वेळात! बाई की पुरुष ही वर्गवारी मात्र जर्सीनं हलली नाही.

या तिघांचं स्पष्टीकरण मला फार आवडतं. माणूस लाखो वर्षं पायी चालणारा प्राणी होता. पायी जाऊन तो दुसऱ्या ‘वंशाच्या’ माणसापर्यंत पोचूच शकत नव्हता. ज्याची कधी गाठच पडली नाही, त्याच्यासाठी मेंदूत खास कप्पा कसा असेल? कप्पा आहे तो ‘हा कुणाच्या बाजूचा’ या प्रश्नाचा. त्वचेचा रंग त्या कप्प्यात भाड्यानं राहतो, आणि दुसरा भाडेकरू आला की जागा सोडतो.

पण प्रयोगशाळेत जर्सी संशोधक देतो, शहरात ती कुणी तरी घालावी लागते. निडोनंतर नेमलेल्या एम. पी. बेझबरुआ समितीनं जुलै २०१४ मध्ये अहवाल दिला. वांशिक अपमान हा गुन्हा ठरवणारी दोन नवी कलमं तिनं सुचवली. ती आली नाहीत. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा अशा कारणावरून खून केला तर वेगळी तरतूद आहे. खोली नाकारली, रस्त्यात नाव ठेवून हाक मारली, तर असं नेमकं कलम नाही. वंशाचं शास्त्र आकड्यांनी खोडणाऱ्या आंबेडकरांच्या मसुद्यातून आलेल्या पंधराव्या अनुच्छेदात मात्र ‘वंश’ हा शब्द धर्माच्या लगोलग बसला आहे. शास्त्रानं नाकारलेली गोष्ट रस्त्यावर माणसाला मारू शकते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच अहवालात खेळाच्या ताकदीचा उपयोग करा अशीही शिफारस होती. दिल्ली दरवाजाजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर तोवर वर्षानुवर्षं ड्युरंड चषकाचे फुटबॉल सामने होत. कोलकात्याच्या संघांच्या एकाच जर्सीत नायजेरियन, मणिपुरी आणि बंगाली धावत, आणि बाहेर ज्यांना खोली मिळायची मारामार तेच आत टाळ्या घेत. नेमकी त्याच वर्षी, २०१४ च्या शरदात, ती स्पर्धा दिल्लीतून गोव्याला गेली, पुढे कोलकात्याला. अलीकडे तिचे सामने इंफाळ, गुवाहाटी, कोक्राझार, शिलाँगलाही होतात. २०२४ चा अंतिम सामना नॉर्थईस्ट युनायटेडनं मोहन बागानविरुद्ध दोन गोलांनी मागं असताना ओढून आणला. एक गोल मोरोक्कोच्या अलाएद्दिन अजाराईचा, दुसरा स्पेनच्या गिलेर्मोचा, आणि शेवटी पेनल्टी अडवून चषक जिंकून दिला तो गोलरक्षक गुरमीत सिंगनं.